हौसेरावाच्या जेवणाची रेघ

खाल्लं काहीच नव्हतं आणि रेघ चढली होती. कमळाकर गच्चीवरच्या तुळशीला पाणी घालून जिना उतरत होता, अंगात बनियन, हातात रिकामा तांब्या, आणि पहिल्या मजल्याच्या वळणावर खालच्या बाळाबाईच्या खोलीतून गव्हाच्या खिरीचा वास आला. गूळ नुकताच विरघळलेला, वेलची अजून पडायची आहे, असा. तो एक पायरी थांबला, बस. तेवढ्यात लेंग्याच्या खिशात मोबाईल वाजला आणि बेलापूरच्या ऑफिसातून सून संध्या विचारू लागली, "पप्पा, काय खाल्लंत?"

"काय नाय गो खाल्ला."

"मग बाण वर का दाखवतोय?"

कमळाकरने ओठांवरून हात फिरवला, जसं काही तिथे चिकटलं असावं. "मना काय म्हायती," तो म्हणाला, "तुझ्या बानाला इचार." संध्या हसली. सकाळचा चहा बिनसाखरेचाच होता ना, एवढं विचारून तिने फोन ठेवला. तो मात्र पायरीवरच उभा राहिला. खाई त्याला खवखवे म्हणतात. इथे न खाताच खवखवत होतं. नुसत्या वासाने रेघ चढत असेल तर नुसत्या विचारानेही चढत असणार, आणि विचार तर तो काल संध्याकाळपासून करत होता. खरं सांगायचं तर गेल्या भादव्यापासून करत होता. वर्षातून एकदा, पितृपंधरवड्यात हौसेरावाच्या तिथीला, त्याला बाळाबाईच्या घरी पोटभर जेवायला मिळायचं, आणि त्या जेवणाचा हिशेब त्याच्या नावावर पडत नसे, कारण ते जेवण त्याचं नव्हतंच. जेवायचा हौसेराव. कमळाकर फक्त पाटावर बसायचा.

पण या वर्षी दंडावर चकती होती. दहाच्या नाण्याएवढी, पांढरी, आत केसासारखी एक तार, ती कातडीत रुतलेली. ही तार आत काय चाललंय ते सारखं मोबाईलला सांगत राहते, मोबाईल त्याची रेघ काढतो, आणि तीच रेघ तिकडे संध्याच्या मोबाईलवरही उमटते. डॉक्टरांनी सांगितलं होतं, थोडे दिवस हे लावून बघू, रेघ हिरव्या पट्ट्यात राहिली तर गोळ्यांवर भागेल, नाही राहिली तर इन्सुलिन सुरू करू. इन्सुलिन म्हणजे सुई, रोजची, तीही पोटाला. कमळाकरचा देह दारात उभा राहिला तर खोलीत अंधार पडेल असा, पण सुई म्हटलं की तो पळ काढी. रबाळ्याच्या कंपनीत होता तेव्हा धनुर्वाताचं इंजेक्शन द्यायला डॉक्टर येणार म्हटल्यावर हा सबंध सकाळ गोदामात पिंपांच्या मागे बसून राहिला होता, आणि ही गोष्ट त्याची बायको मालती अजून लग्नाकार्यात पंगतीला ऐकवते. चकती लावतानाही त्याने डोळे गच्च मिटून सुनेचा हात धरला होता. तेव्हापासून तो रेघेला जपत होता. भात अर्धा केला होता, बोंबलाच्या कालवणाबरोबर तांदळाच्या भाकरीऐवजी नाचणीची खात होता, जेवणानंतर तलावाला चकरा मारत होता. एखादं टेकाड सोडलं तर रेघ पट्ट्यात होती. उद्या डॉक्टर ती बघणार होते. एवढा एकच दिवस मध्ये उरला होता आणि नेमका तोच हौसेरावाचा होता.

घरात येऊन तो खिडकीशी बसला. मालती आत भाजी निवडत होती. समोर, पूर्वी जिथे बापाचं मिठागर होतं त्याच्या पलीकडे, सीवूड्सच्या इमारतींच्या काचा उन्हात चमकत होत्या. बाप उघाडीपाशी, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दारापाशी, काठी रोवून खाडीचं पाणी किती चढलं ते बघत बसायचा. बोलायचा कमी, पाण्याकडे बघायचा जास्त. मोबाईलवरची रेघ बघताना कमळाकरला पहिल्या दिवशीच ते आठवलं होतं. जेवलं की भरती, चाललं की ओहोटी. घरात सगळ्यांना त्या रेघेचं टेन्शन होतं, त्याला मात्र ती मनातून आवडली होती. इतकी वर्षं ज्या अंगात राहिलो त्याच्या आत पाणी चढतं-उतरतं हे त्याला माहीतच नव्हतं. मात्र ती दुसऱ्या कुणाला दिसते, याचा संकोच त्याला अजून सोडत नव्हता. त्याची आई सासऱ्यासमोर पदर ओढून, भिंतीला अंग लावून जायची. आणि इथे सुनेला सासऱ्याच्या पोटातलं सासऱ्याच्या आधी कळत होतं. परवा तो बसस्टॉपजवळ एक जिलबी, एकच, उभ्याउभ्या, पाठ वळवून खाऊन घरी पोचेपर्यंत 'पप्पा फिट' नावाच्या घरच्या ग्रुपवर मुलगा मिथुन, ऐरोलीला दिलेली मुलगी उन्नती आणि खुद्द मालती यांनी मिळून त्याचा पंचनामा उरकला होता. उन्नतीने तर लिहिलं होतं, आकारावरून जिलबीच वाटते. रेघेच्या टेकाडावरून जिलबी ओळखणारी पोर आपल्या पोटी निघाली याचा राग यावा की कौतुक वाटावं, हे त्याला समजेना.

दुसरा ग्रुप परक्यांचा होता, पण तिथे त्याला जास्त मोकळं वाटे. नाव 'गोड माणसं'. दवाखान्याच्या बाकावर तासन्‌तास बसून ओळख झालेल्या सगळ्या शुगरवाल्यांचा, आणि तो चालवायच्या सुनयनाबाई, शाळेतून निवृत्त झालेल्या. सकाळी प्रत्येकाने आपला आकडा टाकायचा, कमी असेल त्याला टाळ्या, जास्त असेल त्याला उपदेश. एक नेरुळचे गृहस्थ कशावरही भेंडीच्या पाण्याचा व्हिडिओ पाठवत. कुणी पाय मुरगळल्याचं लिहिलं तरी भेंडीचं पाणीच. कमळाकरला टाईप करता येत नसे, तो बोलून पाठवी, आणि त्याचा आवाज ऐकायला लोक त्याचा आकडा बघायच्याही आधी बटण दाबत. काल संध्याकाळी, खूप वेळ मोबाईल हातात फिरवून, त्याने तिथे विचारलं होतं, "एक इचारायचा हाय मंडळी. मेलेल्या मानसाच्या नावाचा जेवन आपन जेवला, तर शुगर कोनाची वाढते?"

आधी नुसते अंगठे आले. मग हसरी तोंडं आली. मग भेंडीचं पाणी आलं. एकाने लिहिलं, ज्याच्या दंडावर चकती त्याची. दुसऱ्याने लिहिलं, निम्मी निम्मी. शेवटी सुनयनाबाईंचा नीट परिच्छेद पाडलेला मजकूर आला: आधी कोशिंबीर आणि पालेभाजी खावी, मग एखादा वडा, भात शक्यतो टाळावा, खीर चवीपुरती दोन चमचे, आणि लगेच चालायला जावं; भावनेला दोन चमचे पुरतात. कमळाकरने ते पुन्हा पुन्हा वाचलं. बाई काही चूक सांगत नव्हत्या. सगळं बरोबर होतं. पण हौशाला दोन चमचे?

हौसेराव साताऱ्याकडचा. मार्केट भायखळ्याहून वाशीला आलं, त्याच्यामागोमाग तो आला, कांद्याबटाट्याच्या गाळ्यावर माथाडी म्हणून, आणि कमळाकरच्या बापाने बांधलेल्या बैठ्या चाळीत बायकोला, बाळाबाईला, घेऊन भाड्याने राहिला. चाळीची पुढे इमारत झाली तरी तळमजल्याची ती खोली कमळाकरने त्यांच्याकडून काढून घेतली नाही. संध्याकाळी हौसेराव ओट्यावर यायचा तो कांद्याचा वास घेऊन. साबणाने अंग घासलं तरी तो वास जायचा नाही, आणि कमळाकरच्या अंगाला कंपनीतल्या रसायनाचा. दोघं शेजारी बसले की मालती खिडकी लावून घ्यायची. कमळाकर त्याला हौशा म्हणे, आणि हौसेराव त्याला मुद्दाम, चिडवायला, मालक. जेवायचा तर असा की बघणाऱ्याला पुन्हा भूक लागावी. घाई नाही, वखवख नाही. भाकरी कुस्करताना सगळा पंजा वापरायचा आणि घास तोंडात गेला की एक क्षण डोळे मिटायचा, जणू आत कुणी आलं आहे आणि त्याला बसायला जागा करून देतो आहे. "मालक," तो म्हणायचा, "अर्ध्या पोटानं उठला तो मानूस पुन्हा त्याच दारात येतो."

आणि स्वतः अर्ध्या पोटीच गेला. मूत्रपिंडं गेली होती, शुगरही होती. त्याच्या वेळेला चकती नव्हती, रेघ नव्हती. पाय सुजले तेव्हा कळलं. वाशीच्या इस्पितळात शेवटी शेवटी बिनमिठाची पेज मिळायची. त्याने बाळाबाईकडे गव्हाची खीर मागितली होती. एकदा नाही, रोज. ती डॉक्टरांना विचारायची, डॉक्टर नाही म्हणायचे, आणि ती येऊन त्याला सांगायची, उद्या आनते. डॉक्टरांचं चुकलं असं कमळाकरला कधी वाटलं नाही, तिचंही चुकलं असं वाटलं नाही. पण तो 'उद्या' बाळाबाईच्या घशात अडकून बसला तो बसलाच. पहिल्या भादव्यात तिने म्हाळ घातला तेव्हा अडचण आली की हौसेरावाच्या नावाने पाटावर पितर म्हणून बसवायचा तो त्याच्या वयाचा, त्याच्या ओळखीचा बाप्या हवा, आणि भाऊबंद सगळे गावी. ती जिना चढून वर आली आणि दारातच म्हणाली, "भाऊ, तुमी बसाल का ह्यांच्या जागी?" आमच्यात अशी पद्धत नाही, असं कमळाकरच्या ओठावर आलं होतं. पण आत मालती म्हणाली, "बसतील गो बाय. जेवायला का कोन नाय बोलतो?" आणि तो बसला.

आयत्या बिळावर नागोबा, असं त्याला पहिल्या वर्षी वाटलं होतं. दुसऱ्या वर्षी वेगळं वाटलं, आणि ते त्याने कुणाला सांगितलं नाही. बाळाबाईने पाय धुतले, गंध लावलं, नवी टोपी त्याच्या डोक्यावर ठेवली, आणि त्या क्षणापासून ती त्याला भाऊ म्हणेनाशी झाली. नाव नाही, नातं नाही. "अवो, जेवा की," एवढंच, खाली बघून, आणि आवाज निराळा, तरुण. तो आवाज आपल्यासाठी नाही, आपल्यातून पलीकडे जातो आहे, हे कमळाकरला मानेच्या मागे कळलं. त्याने भाकरी कुस्करली तर सगळा पंजा वापरून. तो कधी तशी कुस्करत नसे. घास तोंडात गेला आणि डोळे आपोआप मिटले. कोण जेवत होतं? इमारतीत खालपासून वरपर्यंत भाडेकरू भरलेले, त्यात आज पोटातही एक, असं मनात येऊन त्याला तिथेच हसू फुटलं होतं, आणि ते हसूसुद्धा आपलं की हौशाचं, ते काही समजलं नाही.

आता ते समजण्याची सोय झाली होती. म्हणजे कालपासून तो याच एका गोष्टीभोवती फिरत होता. पोटभर जेवायचं आणि मग रेघ बघायची. रेघ चढली तर मी जेवलो. रेघ आडवी पडून राहिली, खिरीची वाटी उतरली तरी हलली नाही, तर मग जेवणारा दुसरा होता. देवाधर्माच्या बाबतीत कुणी इतका सरळ पुरावा पूर्वी बघितला नसेल. मनातल्या मनात तो कधी रेघ आडवी बघे आणि त्याच्या अंगावर आनंदाचे काटे येत. कधी ती जिलबीच्या दुप्पट टेकाड होऊन उभी राही, आणि मग उद्याची सुई दिसे, पोटाची कातडी चिमटीत धरलेली दिसे, आणि त्याहून वाईट म्हणजे इतकी वर्षं बाळाबाईच्या घरचं फुकट ओरपणारा एक ढोल्या माणूस दिसे, दुसरं कुणी नाही. दोन चमचे खाल्ले तर सुई टळेल आणि काही कळणारही नाही. पण दोन चमच्यांनी हौशा पाटावरून उठणार कसा?

"आज जावयासारखे तयार झालात," मालती म्हणाली. त्याने पांढरा सदरा घातला होता. "खीर बेतानं खा. उद्या डॉक्टरकडं जायचा हाय."

"मी कुठं खातू? त्यो खातो."

"त्यो खातो आनि टोचनार तुमाला," मालती म्हणाली, आणि हसत आत गेली.

निघताना त्याने मोबाईल खिशातून काढून फ्रिजवर ठेवला. विसरून नव्हे, बघून, नीट, पालथा. मोबाईल जवळ नसेल तर चकती कुणाला सांगणार? संध्याला कळणार नाही आणि आपल्यालाही कळायला नको. पुरावा हवा होता आणि तोच नको होता. चोराच्या मनात चांदणं पडलं होतं. जिना उतरताना दर पायरीला त्याला वाटत होतं, मागून मोबाईल हाक मारणार.

बाळाबाईची खोली पुसून लख्ख केली होती. हौसेरावाच्या फोटोला झेंडूचा हार, पुढे सकाळीच तिच्या मुलाने, सनीने, दाखवून ठेवलेला गूळखोबऱ्याचा नैवेद्य. सनी विमानतळाच्या कामावर गेला होता, त्याला सुट्टी नव्हती. पाट, त्याच्यापुढे केळीचं पान. तिने त्याच्या पायावर पाणी घातलं, गंध लावलं, टोपी ठेवली. मग वाढायला बसली. कोशिंबीर, गवारीची भाजी, कारलं, मेथी, अळूची वडी, कढी, उडदाचे वडे, कुरडई, भात, आमटी, आणि पितळेच्या वाटीत खीर, वर खोबऱ्याच्या कातळ्या, तुपाची धार. सुनयनाबाई जिभेच्या टोकावर बसल्यासारख्या होत्या. आधी कोशिंबीर, त्या म्हणाल्या. कमळाकरने कोशिंबीर खाल्ली. मग पालेभाजी. त्याने मेथी खाल्ली. शहाण्या माणसासारखा तो पानाच्या कडेकडेने चालला होता, आणि बाळाबाई समोर गुडघ्याभोवती हात बांधून बघत होती. दर घासाला तिचे ओठ किंचित हलत होते, लहान मुलाला भरवताना आईचे हलतात तसे. त्याने एक वडा मोडून निम्मा बाजूला सारला, आणि तिची नजर त्या निम्म्या वड्यावर पडली.

"अवो," ती म्हणाली, "ग्वाड न्हाय लागत का?"

इस्पितळातल्या पेजेच्या वाटीकडे हौसेराव असंच बघायचा. कमळाकरला आपला हात दिसला, पानाच्या कडेला थांबलेला, भित्रा, आणि त्याला त्या हाताची मनापासून लाज वाटली. सुई, सुई, सुई. एवढ्याशा सुईपायी एवढा मोठा माणूस वड्याशी खोटं बोलत होता. त्याने निम्मा वडा उचलला. मग दुसरा उचलला. भातावर आमटी ओतून घेतली, सगळा पंजा घालून कालवला, आणि मग खिरीची वाटी तोंडाला लावली. गहू दाताखाली आला, गूळ घशातून गरम उतरत गेला, डोळे मिटले. अंधारात कांद्याचा वास आला की काय, हे त्याला पुढे कधीच नक्की सांगता आलं नाही. पण बरं वाटलं, फार बरं वाटलं. वाटी रिकामी झाली. तिने पुन्हा भरली. त्याने नको म्हटलं नाही. पोट ताठ झालं, कपाळावर घाम आला, आणि सुनयनाबाई गप्प झाल्या.

तेव्हा बाळाबाईचा मोबाईल वाजला. व्हिडिओ होता. तिने तो हातभर लांब धरला, आणि संध्याचा चेहरा दिसला, भेदरलेला, मागे ऑफिसातली कपाटं. "काकी, पप्पा कुठे आहेत? त्यांची रेघच तुटलीय. मघापासून काहीच येत नाहीये. फोन पण उचलत नाहीत."

"जेवत्यात की," बाळाबाई म्हणाली.

"कोण, पप्पा?"

"न्हाय गं. आमचं ह्ये."

कमळाकरने मान खाली घातली. रेघ तुटली म्हटल्यावर पोरीला काय वाटलं असेल, हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. त्याने फक्त मोबाईल फ्रिजवर ठेवला होता, तिकडे तिच्यासाठी तो नाहीसाच झाला होता. त्याला फार वाईट वाटलं, आणि त्यातच, आपल्यासाठी कुणीतरी इतकं घाबरतं याचं सुखही वाटलं. जिन्यात चपला वाजल्या. मालती त्याचा मोबाईल दोन बोटांत धरून आली, तापलेलं भांडं धरावं तशी. "फ्रिजवर घुं घुं करते कवाचा," ती म्हणाली. "मिथुन झाला, उन्नती झाली, सगल्यांचे फोन झाले. घ्या तुमचा."

तिने मोबाईल पाटाशेजारी ठेवला. कमळाकर उष्ट्या हाताने बसलेला, त्याला तो पालथा करता येईना. चकतीला मोबाईल सापडला, आणि तुटलेला तुकडा बघता बघता भरून आला. आधी थोडी आडवी, मेथीएवढी. तो पुढे वाकला: आडवी आहे. आणि मग ती उठली. हिरवा पट्टा सोडून उभी वर गेली, पिवळ्यात, पिवळ्याच्याही पलीकडे, आणि टोकाला बाण, अजून वरच तोंड केलेला. संध्याच्या मोबाईलवरही ती पोचली असावी, कारण तिकडून "अरे देवा" असं हळूच ऐकू आलं.

म्हणजे मीच, कमळाकरने स्वतःला सांगितलं. मीच खाल्लं. इतक्या वर्षांचं सगळं मीच. त्याला पाट एकदम थंड लागला. डोक्यावरची नवी टोपी उगाच कुणी फसवून घातल्यासारखी वाटली, आणि ती काढून ठेवावी म्हणून त्याने डावा हात उचलला.

"ह्ये काय चढतंय?" बाळाबाईने वाकून विचारलं.

"शुगर गो," मालती म्हणाली. "पोटात काय गेला, त्ये दाखवते. जेवला तर चढतं, उपाशी असला तर खाली."

बाळाबाईने पदराने हात पुसला आणि मोबाईल उचलून अगदी जवळ धरला. रेघ अजून चढत होती. तिने तिच्यावरून बोट फिरवलं, खालपासून वरपर्यंत, सावकाश. तिच्या चेहऱ्याकडे बघताना कमळाकरचा डावा हात टोपीशीच राहिला.

"म्हंजी पोचलं," ती म्हणाली.

मालतीने तिच्या खांद्यावरून मोबाईलकडे बघितलं.

"दर साली वाढत्ये आन बघत बसत्ये," ती म्हणाली, "कुनाला इचारायचं पोचलं का म्हून? भाऊ आपलं चांगलं म्हनत्यात, पर ते मन राखायला बी म्हनतील. ह्या मशिनीला काय माझं मन राखायचंय?" तिने डोळे पुसले, पण ती हसत होती, दात दाखवून, पहिल्यांदाच त्याच्यासमोर. "पोटभर जेवलं. बघा की कसं सरळ वर गेलंय. इस्पितळात असं कवा गेलं असतं का?"

कमळाकर तिच्याकडे बघत राहिला. ज्या रेघेत त्याला फक्त आपण दिसत होतो, तिच्यातच तिला दुसरा माणूस दिसत होता, आणि दोघं एकाच टेकाडाकडे बघत होते. मग रेघ आडवी राहिली असती तर? तर ती म्हणाली असती, उपाशी राहिलं. हे त्याला सुचलंच नव्हतं. कालपासून तो आडव्या रेघेची वाट बघत होता, आणि ती आडवी राहिली असती तर या बाईच्या घशातला तो 'उद्या' आणखी एक वर्ष तिथेच राहिला असता. भूक काही त्याच्या एकट्याची नव्हती, मग भरलेलं पोट तरी एकट्याचं का असावं? त्याला पुन्हा हसू फुटलं, टोपीवरचा हात खाली आला.

"संध्या बाय," बाळाबाई आपल्या मोबाईलला म्हणाली, "ह्याचा फोटू निघतो का गं? मला धाड. गावाकडं पाठवायचा हाय."

संध्याच्या चेहऱ्यावर खूप काही येऊन गेलं. तिला बोलायचं होतं, ते पप्पांना, बरंच. ते तिने गिळलेलं कमळाकरने बघितलं. "पाठवते काकी," ती म्हणाली. मग म्हणाली, "पप्पा, मोबाईल परत असा ठेवून जायचा नाही. माझा जीव गेला होता इथे."

"नाय जानार गो."

"आणि उद्या सुई लिहून दिली तर?"

"दे तूच," कमळाकर म्हणाला. "पन डोले मिटून घेन मी."

"मिटा," ती म्हणाली. "आणि आज काकींनी तिथीचं वाढलेलं नको म्हणू नका. डॉक्टरांना मी बघते."

फोटो आला. बाळाबाईने तो आपल्या भावकीच्या ग्रुपवर टाकला आणि बटण दाबून, मोबाईल तोंडाशी धरून, एकेक शब्द मोठ्याने सांगितला, "ह्यांचं जेवान झालं. पोचलेलं मशिनीत दिसतंय. सगळ्यांनी बघून घ्या." तिकडून लगेच जोडलेले हात येऊ लागले, एकामागून एक, कुणी फुलं पाठवली, कुणी विचारलं खीर केली होती का. मालती भिंतीला टेकून बसली आणि तोंडाला पदर लावून हसत राहिली. कमळाकर उष्टा हात पानावर ठेवून बसून होता. पितराने वाढणाऱ्याच्या आधी उठायचं नसतं. पोट खरोखर भरलं होतं. उद्याची सुई त्याला अजून दिसत होती, तशीच बारीक, तशीच चकचकीत, पण आता ती घ्यायला आपण एकटे जाणार नाही असं त्याला वाटत होतं.

मग एक बोललेला निरोप आला. हौसेरावाची थोरली बहीण, मुक्ताबाई, नव्वदीला आलेली. गावाकडे कुणीतरी मोबाईल तिच्या तोंडाशी धरला असावा. आधी नुसता श्वास ऐकू आला, मग खोकला, मग खणखणीत आवाज. "बाळे, आगं त्येवढ्यानं त्येचं काय हुतंय? त्यो लाजत आसंल लोकाच्यात. आजून एक वाटी वाढ त्येला."

बाळाबाईने पळी उचलली आणि त्याच्याकडे बघितलं.

कमळाकरने वाटी पुढे केली.